महिरपी कंसांची सवय आणि पायथनची डावी कड

पुण्याहून एका वाचक ताईंनी पाठवलेल्या दीर्घ पत्राचा सारांश असा. त्यांनी 17 वर्षे सी आणि जावा या भाषांमध्ये काम केले आणि गेल्या वर्षी त्या पायथनमध्ये काम करणाऱ्या टीममध्ये आल्या. सी आणि जावामध्ये एकत्र चालणाऱ्या ओळींचा गट, म्हणजे ब्लॉक, महिरपी कंसांत बंद असतो; पायथनमध्ये तो ओळी डावीकडून किती आत सरकवल्या आहेत, म्हणजे इंडेंटेशन, यावरून ठरतो. त्या लिहितात, ‘‘महिरपी कंस नसल्यामुळे ब्लॉक नेमका कुठे संपला हे मला दिसत नाही. म्हणून मी अटीच्या ब्लॉकच्या शेवटी ‘इथे इफ संपला’ अशी टिप्पणी लिहिते आणि बरोबरीची चिन्हे एकाखाली एक येतील अशी काळजी घेते. माझ्यापेक्षा 12 वर्षांनी लहान असलेले टीम लीड हे सगळे काढायला लावतात. माझ्या लॉजिकबद्दल रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी कोड तपासतात तेव्हा, कोणी अवाक्षर काढत नाही, शेरे असतात ते रिकाम्या जागांवर. आता ब्लॅक हा फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप करून देणारा प्रोग्राम, सक्तीचा होणार आहे. आमच्या एका सहकाऱ्यांची दृष्टी अधू आहे, ते ओळ आत सरकवायला स्पेसऐवजी टॅब (एकच अक्षर, ज्याची रुंदी प्रत्येकाला आपल्या एडिटरमध्ये ठरवता येते) मागतात, तर त्यांनाही ‘पेप 8 वाचा’, म्हणजे पायथनची शैलीची मार्गदर्शिका वाचा, एवढेच उत्तर मिळते. घरी सांगितले की सगळे हसतात. मी हट्ट करते आहे का?’’ ताजा कलम म्हणून त्यांनी विचारले आहे की, अकरावीतल्या मुलाने नुकतेच पायथन शिकायला घेतले आहे, त्याला या बाबतीत काय सांगावे.

ताई, सप्रेम नमस्कार.

घरच्यांना हसू येते, कारण त्यांना रिकामी जागा म्हणजे काहीच नसलेली जागा वाटते. परंतु जी व्यक्ती दिवसाचे सात-आठ तास कोड वाचते, तिच्या डोळ्यांना त्या जागेचे वळण पडलेले असते, आणि ते वळण अचानक बदलले की वाचण्याचा वेग मंदावतो, चुका निसटतात आणि संध्याकाळी डोके जड होते. हे मी स्वतः अनुभवले आहे. त्यामुळे तुमची तक्रार मी पूर्ण गांभीर्याने घेते. मात्र तुमच्या पत्रात तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच दोरीत ओवल्या गेल्या आहेत. तुमची सवय, तुमची आवड आणि तुमच्या सहकाऱ्यांची गरज. या तिन्हींना एकच उत्तर देता येणार नाही, आणि तुमचे टीम लीड नेमके तेच करत आहेत असे मला वाटते.

आधी सवयीविषयी. रिकाम्या जागेला अर्थ असावा ही कल्पना आपल्याला परकी नाही. ‘सातबारा’ जोडून लिहिला तर तो जमिनीचा उतारा होतो आणि ‘सात बारा’ असे तोडून लिहिले तर ते दोन आकडे उरतात. मोडी लिपीत पानभर आधी शिरोरेषा आखून तिच्याखाली शब्द न तोडता सलग मजकूर लिहिला जाई, आणि शब्द कुठे संपतो हे वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे असे. म्हणजे जागा सोडणे किंवा न सोडणे हा नेहमीच वाचणाऱ्याशी केलेला करार असतो. प्रोग्रामच्या बाबतीत अडचण अशी की, वाचणारे दोन असतात, एक माणूस आणि एक कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. जावामध्ये कंपायलर महिरपी कंस वाचतो, आणि माणूस मात्र, तो कितीही अनुभवी असो, आधी डावी कड वाचतो. ओळ किती आत सरकली आहे यावरून तो ती कोणाच्या पोटातली आहे हे ठरवतो, आणि कंसांकडे शंका आली तरच पाहतो. या दोन वाचनांचा मेळ आहे तोपर्यंत सारे ठीक चालते.

मेळ तुटला की काय होते याचे 2014 सालचे उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल, तरी ते पुन्हा जवळून पाहण्यासारखे आहे. ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये, जो सी भाषेत लिहिलेला होता, एका ‘इफ’च्या खाली ‘गोटू फेल’ (म्हणजे मधल्या पायऱ्या सोडून थेट शेवटी जा) ही ओळ होती आणि तिच्याच खाली, तितकीच आत सरकवलेली, तीच ओळ चुकून दुसऱ्यांदा आलेली होती. त्या ‘इफ’ला महिरपी कंस नव्हते. डोळ्याला दोन्ही ओळी अटीच्या आत दिसत होत्या, परंतु कंपायलरच्या लेखी पहिलीच ओळ आत होती आणि दुसरी अटीशिवाय प्रत्येक वेळी चालत होती. परिणामी पुढची सही तपासण्याची पायरी कायमची ओलांडली जाई आणि तरीही उत्तर ‘सर्व ठीक’ असेच मिळे. त्या फेब्रुवारीत आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. इथे डाव्या कडेने माणसाला खोटे सांगितले होते. 2016 साली जीसीसी या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत फसव्या इंडेंटेशनबद्दल सूचना देण्याची सोय आली, म्हणजे कंस वाचणाऱ्या कंपायलरलाही शेवटी डाव्या कडेकडे पाहावे लागले.

पायथनने हा प्रश्न मुळातून सोडवला. माणूस जे वाचतो तेच यंत्रानेही वाचावे, असे तिथे ठरले. ही कल्पना पायथनच्याही आधीची आहे. पीटर लँडिन यांनी 1966 साली आपल्या एका निबंधात ओळीच्या सरकण्यावरून रचना ओळखण्याचा नियम मांडला आणि त्याला फुटबॉलमधून उचललेले ‘ऑफसाइड’ हे नाव दिले. पुढे ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत एबीसी नावाची भाषा तयार झाली, तिच्यात इंडेंटेशनला अर्थ होता. त्या कामात सहभागी असलेल्या गिडो व्हॅन रॉसम यांनी 1991 साली पायथन जगापुढे आणली तेव्हा ती रीत सोबत आली. तेव्हा ताई, ‘ब्लॉक कुठे संपला हे दिसत नाही’ या तुमच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. तो दिसतो, जावामध्येही तुम्ही तो तिथेच पाहत होता. फक्त तिथे शेवटी एक कंस येऊन ‘हो, इथेच’ अशी ग्वाही देत असे आणि ती ग्वाही आता मिळत नाही. तुम्हाला जे अधांतरी वाटते ते त्या ग्वाहीच्या अभावाने, आणि असे वाटणे स्वाभाविक आहे.

त्या ग्वाहीला किंमत होती हेही मी मान्य करते, कारण तिच्या अभावाचा फटका मी खाल्ला आहे. पायथन 2 च्या दिवसांत एका ठिकाणी आमच्याकडे पावत्या मोजणारा छोटा प्रोग्राम होता. बाहेर एक ‘फॉर’ (पुन्हा पुन्हा चालणारा भाग), त्याच्या आत चार स्पेसवर एक ‘इफ’, त्याच्या आत आठ स्पेसवर एक ओळ, आणि शेवटी मोजणी एकाने वाढवणारी ओळ. ही शेवटची ओळ कोणीतरी टॅब देऊन लिहिली होती. माझ्या एडिटरमध्ये टॅब चार जागांचा दिसत असे, म्हणून ती ओळ मला ‘इफ’च्या बाहेर, ‘फॉर’च्या आत, अगदी जिथे हवी तिथे दिसत होती. पायथन 2 मात्र टॅबला पुढच्या आठच्या पटीपर्यंत नेत असे. त्याच्या हिशेबी ती ओळ आठव्या जागेवर, म्हणजे ‘इफ’च्या पोटात होती. त्यामुळे सगळ्या पावत्यांऐवजी फक्त त्या अटीत बसणाऱ्या पावत्या मोजल्या जात होत्या. चूक दाखवणारा एकही संदेश नाही, कोड वाचून पाहावे तर तो बरोबर. दोन दिवस मी त्या दहा-बारा ओळी वाचत होते, आणि तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्यांच्या संगणकावर, जिथे टॅब आठ जागांचा होता, ती ओळ आपल्या खऱ्या जागी उभी दिसली.

पायथन 3 ने ही खिंड बुजवली आहे. टॅब किती जागांचा मानायचा यावर अर्थ अवलंबून राहील अशी सरमिसळ दिसली की तो चालायलाच नकार देतो आणि ‘टॅबएरर’ दाखवतो. दुसरा धोका मात्र आजही आहे. कोड एका जागेवरून उचलून दुसरीकडे चिकटवताना एखादी ओळ एक पायरी डावीकडे आली तर प्रोग्राम बिनतक्रार चालतो आणि वेगळेच काम करतो. जावामध्ये अशी चिकटवलेली ओळ वाकडी दिसली तरी कंसांमुळे अर्थ शाबूत राहतो. तुमच्या टीम लीडनी हा धोका क्षुल्लक मानू नये. ब्लॉकच्या शेवटी खूण करण्याची तुमची इच्छाही विक्षिप्त नाही. पायथनच्या मूळ सोर्ससोबत अनेक वर्षे ‘पिंडेंट’ नावाची एक छोटी स्क्रिप्ट येत असे, आणि तिचे काम हेच होते की ब्लॉकच्या शेवटी ‘इथे इफ संपला’ अशा अर्थाच्या टिप्पण्या घालायच्या आणि इंडेंटेशन बिघडले तर त्यांच्या आधारे ते पुन्हा उभे करायचे.

तरीही त्या टिप्पण्या लिहिणे तुम्ही थांबवावे, असे मी सांगेन. टिप्पणी यंत्र वाचत नाही. उद्या कोणी ओळ हलवली आणि टिप्पणी तिथेच राहिली, तर ती त्या ‘गोटू फेल’सारखीच डोळ्याला फसवील, म्हणजे ज्या दुखण्यापासून पायथनने सुटका केली ते तुम्ही हाताने परत आणाल. त्याऐवजी एडिटरमध्ये इंडेंटेशनच्या उभ्या रेषा आणि रिकाम्या जागा दाखवण्याची सोय सुरू करा. त्या रेषा तुमच्या पडद्यावर कंसांचे काम करतात आणि फाइलमध्ये एक अक्षरही वाढवत नाहीत. ब्लॉक इतका लांब असेल की रेषा पाहूनही शेवट सापडत नाही, तर तो फंक्शनमध्ये तोडायची वेळ झाली आहे. लिनक्स कर्नेल, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा, आठ जागांचे टॅब मुद्दाम वापरतो आणि तीनपेक्षा जास्त पायऱ्या लागल्या तर कोड दुरुस्त करा असे त्याच्या शैलीपत्रात बजावलेले आहे. तो सल्ला सी भाषेसाठी असला तरी पायथनमध्ये तो मला दररोज उपयोगी पडतो.

बरोबरीच्या चिन्हांची रांग ही मात्र निखळ आवड आहे, आणि मला स्वतःला ती सुंदर वाटते. ठिपके जुळलेल्या रांगोळीसारखा तो कोड दिसतो. तिची किंमत मर्ज करताना, म्हणजे अनेकांचे बदल एकत्र जोडताना, कळते. दहा ओळींच्या रांगेत एखादे लांब नाव नव्याने आले की उरलेल्या दहाही ओळींत स्पेस वाढवाव्या लागतात, डिफमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, अकरा ओळी बदललेल्या दिसतात आणि त्यांतली खरी एक कोणती हे रिव्ह्यू करणाऱ्याला शोधावे लागते. त्याच ओळींवर दुसऱ्या ब्रांचमध्ये, म्हणजे कोडच्या समांतर प्रतीत, कोणी काम केले असेल तर विनाकारण कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदलांची टक्कर, उभा राहतो. त्यातून कोडमध्ये देवनागरी मजकूर असेल तर जोडाक्षरांमुळे ही रांग निरनिराळ्या फाँटमध्ये तशीही मोडते. इथे मी तुमच्या टीम लीडच्या बाजूने आहे. एखादा आकड्यांचा खराखुरा तक्ता असेल, ज्यात स्तंभ जुळणे हाच अर्थ आहे, तर तेवढ्या ओळींपुरता ब्लॅकला ‘एफएमटी ऑफ’ आणि ‘एफएमटी ऑन’ या टिप्पण्यांनी थांबवता येते. तेवढी मुभा तुम्ही अवश्य मागा.

आता फॉरमॅटरच्या सक्तीविषयी. तुम्हाला ती आपल्यावरची कुरघोडी वाटते, आणि मला ती तुमची सुटका वाटते. तुमच्या पत्रातले मला सर्वांत जास्त लागलेले वाक्य म्हणजे लॉजिकबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, हे. 17 वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीचा कोड समोर असताना चार माणसे स्पेस मोजत बसतात, हे तुमच्यासाठी अपमानास्पद आणि टीमसाठी नुकसानीचे आहे. फॉरमॅटर आला की हे शेरे बंद होतात, कारण शेरा मारायला जागाच उरत नाही. गो भाषा 2009 साली जाहीर झाली तेव्हापासून तिच्या सोबत ‘गोफम्ट’ हा फॉरमॅटर आहे. त्या भाषेच्या निर्मात्यांपैकी रॉब पाइक यांचे या अर्थाचे म्हणणे प्रसिद्ध आहे की, गोफम्टची शैली कोणाचीच आवडती नाही, पण गोफम्ट सर्वांना आवडतो. ब्लॅक 2018 साली लुकाश लांगा यांनी आणला तोही याच विचाराने, आणि म्हणूनच त्यात बदलण्यासारखे पर्याय जवळजवळ ठेवलेले नाहीत. फॉरमॅट केल्यानंतर प्रोग्रामचा अर्थ तोच राहिला आहे ना, हेही तो स्वतः पडताळून पाहतो. तिथे तुमच्या टीम लीडची आवडही तुमच्या आवडीइतकीच बाजूला पडते. त्यांना 79 अक्षरांची ओळ प्रिय असेल, पण ब्लॅकची मूळ मर्यादा 88 आहे. (ही 80 च्या आसपासची मर्यादा आयबीएमच्या 80 स्तंभांच्या पंचकार्डांपासून चालत आलेली आहे. जुन्या फोरट्रानमध्ये तर सातव्या ते बहात्तराव्या स्तंभातच विधान लिहावे लागे. त्या काळी जागा चुकणे म्हणजे कार्ड पुन्हा पंच करणे होते.)

एक काळजी मात्र तुम्ही पुढाकार घेऊन करायला हवी, कारण अनुभवी माणसालाच ती सुचते. जुना सगळा कोड एकदम फॉरमॅट केला की प्रत्येक ओळीच्या इतिहासावर ते काम करणाऱ्याचे नाव लागते, आणि दोन वर्षांपूर्वी ही ओळ कोणी व का लिहिली हे शोधणे अवघड होते. त्यासाठी फॉरमॅटिंगचा कमिट (बदलांची एक नोंद) एकटाच ठेवा, त्यात दुसरा कुठलाही बदल येऊ देऊ नका आणि त्याचा क्रमांक एका फाइलमध्ये नोंदवून कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटच्या ब्लेमला (कोणती ओळ कोणी बदलली हे सांगणाऱ्या आज्ञेला) तो वगळायला सांगा. गिटच्या 2.23 या आवृत्तीपासून, म्हणजे 2019 पासून, ही सोय आहे. उघड्या असलेल्या ब्रांच आधी मर्ज करून घ्या आणि मगच हे काम करा. तुम्ही ही योजना कागदावर मांडून टीम लीडपुढे ठेवलीत तर फॉरमॅटर तुमच्यावर लादला गेला असे कोणी म्हणू शकणार नाही, तुम्हीसुद्धा नाही.

आता तुमच्या सहकाऱ्यांविषयी लिहिते. माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे. अक्षरे खूप मोठी करून वाचणाऱ्या माणसाच्या पडद्यावर एका ओळीत जेमतेम 30-40 अक्षरे मावतात. तिथे चार स्पेसच्या तीन पायऱ्या म्हणजे 12 जागा कोऱ्या जातात, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश पडदा, आणि कोड उजवीकडे बाहेर पळतो. टॅब असेल तर ते आपल्या संगणकावर तो एका किंवा दोन जागांचा करून घेऊ शकतात आणि बाकीच्यांना चार जागांचाच दिसतो. ब्रेल डिस्प्लेवर वाचणाऱ्यांनाही असाच फरक पडतो, कारण तिथे प्रत्येक स्पेस एकेक घर अडवते. ऐकून वाचणाऱ्यांसाठी एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये इंडेंटेशन बोलून किंवा सुरांच्या चढउताराने सांगण्याची सोय आहे, पण पडदा मोठा करून वाचणाऱ्याचा प्रश्न तिने सुटत नाही. तुम्हाला कंस नसल्याने अस्वस्थ वाटते आणि त्यांना कोड दिसतच नाही, हे दोन एकाच तराजूत तोलू नयेत.

‘पेप 8 वाचा’ हे उत्तर तर पेप 8 नीट न वाचता दिलेले आहे. 2001 पासूनच्या त्या मार्गदर्शिकेत स्पेसला पसंती दिली आहे हे खरे, आणि टॅब आधीपासून टॅब असलेल्या कोडपुरते ठेवावेत असे म्हटले आहे हेही खरे. परंतु ती स्वतःला मार्गदर्शिका म्हणवते, सुसंगतीचा हट्ट कुठे सोडावा हेही सांगते, आणि एखाद्या प्रकल्पाचे स्वतःचे नियम असतील तर ते वरचढ मानते. पायथन 3 ला निव्वळ टॅबने लिहिलेली फाइल पूर्ण चालते, त्याचे वावडे आहे ते सरमिसळीचे. अडचण आहे ती ब्लॅकची, कारण त्यात टॅबचा पर्यायच नाही. पण रफ हा दुसरा फॉरमॅटर जवळजवळ ब्लॅकसारखीच मांडणी करतो आणि त्यात इंडेंटेशन टॅबने करण्याचा पर्याय आहे. तेव्हा टीम लीडना सांगा की फॉरमॅटर जरूर आणा, पण रफ आणा, टॅबचा पर्याय निवडा आणि टॅबवर आक्षेप घेणारा लिंटचा, म्हणजे कोडमधले दोष दाखवणाऱ्या साधनाचा, नियम बंद करा. फाइलच्या प्रकारानुसार काय वापरायचे ते एडिटरकॉन्फिगच्या, म्हणजे सगळ्यांच्या एडिटरची मांडणी सारखी ठेवणाऱ्या, फाइलमध्ये एकदाच लिहून ठेवा. असेही तुमच्या एकाच रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, मेक या प्रोग्राम बांधणाऱ्या साधनाची मेकफाइल असेल, जिला आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, आणि सेटिंग लिहिण्याच्या यामलच्या फाइली असतील, ज्यांना इंडेंटेशनसाठी टॅब अजिबात चालत नाही. म्हणजे ‘सगळीकडे स्पेस’ हा नियम तुमच्याकडे आजही पाळला जात नाही.

मेकच्या त्या टॅबची हकीकत टीम लीडना जरूर सांगावी. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली बेल लॅब्जमध्ये मेक लिहिले, आणि टॅबचा नियम बदलावासा वाटला तेव्हा सुमारे डझनभर लोक ते वापरू लागले होते. त्यांचे काम मोडू नये म्हणून तो तसाच राहिला आणि जवळजवळ 50 वर्षांनंतरही जगभरचे प्रोग्रामर त्या एका न दिसणाऱ्या अक्षरापायी ‘मिसिंग सेपरेटर’ हा संदेश पाहत बसतात. तुमची टीम लहान आहे, कोड फार जुना नाही, आज हा बदल एका दुपारचा आहे. पुढच्या वर्षी तो एका दुपारचा राहणार नाही.

हे बोलणे रिव्ह्यूच्या शेऱ्यांमध्ये करू नका. तिथे लिहिलेले प्रत्येक वाक्य असते त्यापेक्षा कठोर वाटते आणि चारचौघांत माघार घेणे कोणालाच जमत नाही. टीम लीडशी समोरासमोर बसा, सहकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन त्यांनाही सोबत न्या, आणि त्यांच्या पडद्यावर तीच फाइल आधी चार स्पेसने आणि मग टॅबने उघडून दाखवा. वयातल्या 12 वर्षांचा उल्लेख मनातूनही काढून टाका. तो तुमच्या पत्रात दोनदा आला आहे आणि टॅबच्या बाजूने तो एकही मुद्दा मांडत नाही. तुमच्या टिप्पण्या आणि बरोबरीच्या चिन्हांची रांग तुम्ही आपणहून सोडत आहात हे सुरुवातीलाच सांगितलेत तर पुढची मागणी तुमच्या स्वतःसाठी नाही हे त्यांना न सांगता कळेल. एवढे करूनही त्यांनी ऐकले नाही, तर सहकाऱ्यांच्या संमतीने हा विषय सोयीसुविधांचा म्हणून मनुष्यबळ विभागाकडे लेखी न्यावा. तो शैलीचा वाद म्हणून मांडू नये.

आणि चिरंजीवांविषयी. त्याला टॅब की स्पेस या वादात आज पाडू नका. त्याच्या एडिटरमध्ये रिकाम्या जागा दिसण्याची सोय पहिल्याच दिवशी सुरू करून द्या, म्हणजे स्पेसच्या जागी बारीक ठिपका आणि टॅबच्या जागी बाण दिसेल. मग पाच ओळींचा एखादा ‘फॉर’ लिहून त्यातली शेवटची ओळ त्यालाच एक पायरी डावीकडे आणायला सांगा आणि दोन्ही वेळचे उत्तर वहीत लिहून घ्यायला लावा. व्हॉट्सॲपवरून आलेला कोड जसाच्या तसा न चिकटवता निदान पहिला महिनाभर हाताने टाइप करावा, एवढे त्याला माझ्यातर्फे सांगा.